पश्चात असा परिवार

निधनवार्तेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार आहे. या वाक्याची टिंगल पुष्कळ झाली. पण एखादा मोठा खेळाडू गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्रीडापानावर जे स्तंभ येतात, ते वाचले की या कोरड्या वाक्याबद्दल आदर वाटू लागतो. ते परिवाराची मोजदाद करतं आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरतं. स्तंभलेखक चपला न काढता थेट माजघरात शिरतो.

त्या स्तंभाचा साचा सरावलेल्या वाचकाला पाठ असतो. आधी लेखकाची आणि खेळाडूची जुनी भेट, बहुधा विमानतळावर किंवा नेट्सच्या मागे. मग दोन गाजलेले डाव, एक किस्सा, खेळाडूने लेखकाला खासगीत सांगितलेलं एखादं गुपित (ते नाकारायला तो आता हयात नसतो). आणि शेवटी जागा उरली की घरची माणसं. पत्नी 'खंबीर' असते. आई 'माउली' असते. मुलगा लहान असेल तर त्याच्या हातात बॅट असते, मोठा असेल तर त्याच्यात वडिलांची लकब दिसते. या माणसांना स्वतःचं म्हणणं नसतं. कधी एखादं वाक्य त्यांच्या तोंडी आलंच, तर तेही गेलेल्या माणसाच्या मोठेपणाबद्दल.

जून २०२१ मध्ये मिल्खासिंग गेले तेव्हाचे लेख आठवा. १३ जूनला त्यांच्या पत्नी निर्मल कौर गेल्या, १८ जूनला मिल्खासिंग. दोघांचाही बळी कोविडने घेतला. मधले पाच दिवस स्तंभलेखकांना सापडले आणि बऱ्याच लेखांत निर्मल कौर यांची सावली झाली, साथ झाली, प्रेरणा झाली. त्या भारताच्या महिला व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या, पंजाब सरकारच्या महिला क्रीडा विभागाच्या संचालक होत्या, हे एका स्वल्पविरामात आटोपलं. १९५० च्या दशकात एका मुलीने व्हॉलीबॉल खेळत देशाच्या संघापर्यंत पोचणं म्हणजे काय होतं, यावर एखाद्या क्रीडालेखकाला स्वतंत्र लेख लिहावासा वाटायला हरकत नव्हती. खरं तर त्या आधी गेल्या होत्या, पण लेखांमध्ये त्या नवऱ्याच्या मागूनच चालत राहिल्या.

हे अज्ञानातून होतं असं म्हणता येईल, आणि अज्ञान सुधारता येतं. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू फिलिप ह्यूजच्या घरच्यांबाबत जे घडलं ते मात्र अज्ञानाच्या खात्यात टाकता येत नाही.

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर शेफील्ड शील्डचा सामना चालू होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. शॉन ॲबटचा उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या डाव्या बाजूला लागला. त्याची आई आणि बहीण त्या दिवशी मैदानातच होत्या. २७ तारखेला तो गेला. तीन दिवसांनी त्याला सव्वीस वर्षं पूर्ण व्हायची होती. ३ डिसेंबरला मॅक्सव्हिल या त्याच्या गावी, शाळेच्या सभागृहात त्याला निरोप दिला गेला. वडील केळीची बाग पिकवणारे शेतकरी, गाव लहान, घरचे साधे, कॅमेऱ्यापुढे कमी बोलणारे. क्रिकेटवरचं प्रेम हे आम्हा सर्वांचं मिळून होतं, अशा आशयाचं कुटुंबाचं निवेदन कर्णधार मायकल क्लार्कने वाचून दाखवलं. जगभरचे क्रिकेट-स्तंभ या कुटुंबासाठी हळवे झाले. आपल्याकडचेही झाले. केळीच्या बागा मराठी लेखांतही येऊन गेल्या.

मग ऑक्टोबर २०१६ आला. न्यू साउथ वेल्सचे कॉरोनर मायकल बार्न्स यांच्यापुढे मृत्यूची चौकशी सुरू झाली. याच साध्या, कमी बोलणाऱ्या कुटुंबाने तिथे प्रश्न विचारले. त्या दिवशी फिलिपवर आखूड टप्प्याचा मारा किती झाला? पंचांनी हस्तक्षेप करायला हवा होता का? मैदानावर त्याला काय काय बोललं गेलं? चौकशीत खेळाडूंपैकी कुणी शेरेबाजी झाल्याचं नाकारलं, कुणाला काही आठवेना. अखेरच्या दिवशी ह्यूजचे आईवडील कामकाज चालू असतानाच उठून बाहेर पडले.

आणि इथे लेखण्या अडखळल्या. बाउन्सर हा खेळाचाच भाग आहे, बिचाऱ्या ॲबटने किती भोगायचं, झालं ते झालं, आता हे कशाला उकरायचं, असा सूर ऐकू येऊ लागला. ॲबटचा दोष नव्हता, हे खरंच आहे, आणि ४ नोव्हेंबरच्या निष्कर्षात कॉरोनरनेही मृत्यूसाठी कुणाला जबाबदार धरलं नाही. पण कुटुंबाचं बोट ज्याकडे होतं ती गोष्ट नियमांची, पंचांची आणि मैदानावरच्या भाषेची होती. त्याच निष्कर्षात बार्न्स यांनी लिहिलं आहे की शेरेबाजी झालीच नाही हे मान्य करणं अवघड आहे. शिवाय त्यांनी शिफारशी केल्या: घातक आणि अन्याय्य गोलंदाजीबद्दलच्या नियमातली संदिग्धता दूर करावी. मानेच्या संरक्षकाचा विचार व्हावा. मैदानावर वैद्यकीय मदत कशी बोलवायची याचं प्रशिक्षण पंचांना द्यावं. म्हणजे केळीच्या बागेतल्या माणसाला पडलेले प्रश्न कायद्याच्या माणसालाही विचारात घ्यावेसे वाटले. निरोपसमारंभावर अर्धं पान खर्च करणाऱ्या किती स्तंभांनी या शिफारशींना चार ओळी दिल्या?

कारण उघड आहे. कुटुंब शोक करतं तेव्हा खेळ मोठा होतो. कुटुंब प्रश्न विचारतं तेव्हा खेळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि खेळावर पोट असलेला स्तंभलेखक साक्षीदार म्हणून बोलावला जाण्याची भीती असते. स्तंभलेखक बहुधा माजी खेळाडू असतो किंवा मंडळाच्या करारावर समालोचन करणारा. तो पत्रकार असेल, तरी पुढच्या मालिकेचं ओळखपत्र त्याला त्याच मंडळाकडून घ्यायचं असतं. त्याला रडणारी विधवा परवडते. मंडळाकडे कागद मागणारी परवडत नाही.

संस्थांची आवड याहून वेगळी नाही. अमेरिकन फुटबॉलमधला ज्युनियर सेआऊ मे २०१२ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी गेला. घरच्यांनी त्याचा मेंदू तपासायला दिला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा विकार त्याला होता, असं जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालं. कुटुंबाने लीगवर खटला भरला. २०१५ मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, तेव्हा मुलीला व्यासपीठावरून वडिलांबद्दल भाषण करायचं होतं. मरणोत्तर सन्मानितांच्या वतीने भाषण होणार नाही, चित्रफीत दाखवली जाईल, हा नियम काही वर्षं आधीच झालेला होता. तो एकट्या सेआऊ कुटुंबासाठी केला नव्हता हे कबूल. तरी मृत खेळाडूच्या घरच्यांनी मंचावर यावं, टाळ्या घ्याव्यात आणि लांबलचक काही बोलू नये, अशी सोय एखाद्या संस्थेने नियमातच करून ठेवावी हे बोलकं आहे. न्यूयॉर्क टाइम्सने तिचं न झालेलं भाषण तिच्याकडून करवून घेतलं आणि प्रसिद्ध केलं. वर्तमानपत्राचं काम ते हेच.

इंग्लंडमधल्या जेफ ॲसलच्या घरच्यांची गोष्ट याहून लांबलेली आणि क्रीडापत्रकारांनी नीट अभ्यासावी अशी. ॲसल हा वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा आघाडीचा खेळाडू. १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा निर्णायक गोल त्याचा. डोक्याने चेंडू मारण्यात तो वाकबगार होता. १९ जानेवारी २००२ रोजी तो ५९ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याची स्मृती पार विझलेली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉरोनरने निर्णय दिला की हा मृत्यू व्यवसायजन्य आजाराचा आहे. फुटबॉलपटूच्या बाबतीत हा शब्द वापरला जाणं म्हणजे खाणकामगाराच्या फुफ्फुसाशेजारी फुटबॉलपटूचा मेंदू मांडणं होतं. इतकी मोठी बातमी. फुटबॉलच्या संस्थांनी दहा वर्षांच्या संशोधनाचं आश्वासन दिलं, आणि ते संशोधन काही निष्पन्न न होता विरून गेलं.

मधल्या काळात ॲसलबद्दल लेख येत होतेच: तो गोल, चाहत्यांचा लाडका 'राजा', टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातलं त्याचं बेसूर गाणं. संशोधनाचं काय झालं हे मात्र त्याची मुलगी डॉन हिलाच विचारावं लागलं. २०१४ मध्ये ग्लासगोचे डॉ. विली स्ट्युअर्ट यांनी मेंदूची फेरतपासणी केली आणि सेआऊ याला जो विकार निघाला तोच इथे निघाला. मोहीम उभी राहिली. २०१६ पासून डेली टेलिग्राफने हा विषय हाती धरला आणि सोडला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्ट्युअर्ट यांच्याच पथकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्यावर, मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट निघालं. त्यानंतर इंग्लंड, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये लहान मुलांच्या सरावात हेडिंगवर बंधनं आली. हे सगळं ज्यातून सुरू झालं ते एका घरातलं ज्ञान होतं. माणूस कधीपासून विसरायला लागला, काय विसरला, कशाने चिडायचा, सरावात चेंडू किती वेळा डोक्यावर घ्यायचा. अशी माहिती क्लबच्या दप्तरात नसते, बायको-मुलींकडे असते. 'आता तुम्हाला काय वाटतं' असं विचारणाऱ्याला ती मिळत नाही.

आता, घरचे म्हणतील तेच खरं आणि तेवढंच छापायचं, असं म्हणणंही मला मान्य नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा मोटारशर्यतींचा सम्राट शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. शवविच्छेदनाची छायाचित्रं पाहायला मिळावीत म्हणून ऑरलँडो सेंटिनेल या वृत्तपत्राने मागणी केली आणि त्याच्या पत्नीने ती रोखण्यासाठी न्यायालय गाठलं. लोक तिच्या बाजूने उभे राहिले, आणि महिन्या-दीड महिन्यात फ्लोरिडाने अशी छायाचित्रं खुली न करण्याचा कायदाच केला. वृत्तपत्राला गिधाड म्हणणारे पुष्कळ निघाले. पण सेंटिनेलला छायाचित्रं छापायची नव्हती. तुटलेल्या सीटबेल्टमुळे मृत्यू झाला असं सांगितलं जात होतं, ते खरं का, हे त्यांना एका तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं होतं. अखेर तडजोड झाली, एका स्वतंत्र तज्ज्ञाने छायाचित्रं पाहिली, आणि कारण डोक्याला बसलेल्या जोरदार झटक्यात असावं असा निष्कर्ष आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोकं-मान जागेवर धरून ठेवणारं साधन शर्यतींत सक्तीचं झालं. इथे पत्नीचा संकोच रास्त होता आणि वृत्तपत्राचा हट्टही रास्त होता. छायाचित्र कुणी, कशासाठी, कुणाच्या नजरेखाली पाहायचं, एवढ्यावर ही भांडणं सुटतात. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट ज्यात गेला त्या अपघाताच्या स्थळी पोलीस आणि अग्निशमन दलाच्या माणसांनी काढलेले फोटो आपसांत फिरले, त्यात असा कोणताही हेतू नव्हता; २०२२ मध्ये ज्यूरीने त्याच्या पत्नीला १ कोटी ६० लाख डॉलर भरपाई दिली ती त्यामुळेच.

एक उदाहरण मात्र नितळ आहे. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने नोव्हेंबर २००९ मध्ये आपलं आयुष्य संपवलं. दुसऱ्याच दिवशी त्याची पत्नी टेरेसा त्याच्या डॉक्टरसह हॅनोव्हरच्या क्लबमध्ये पत्रकारांसमोर बसली आणि नैराश्य, उपचार, ते लपवण्याची धडपड हे सगळं तिने सांगून टाकलं. तर्ककुतर्कांना जागाच उरली नाही. पुढे रोनाल्ड रेंग या क्रीडालेखकाने एन्केचं चरित्र लिहिलं. त्याची एन्केशी मैत्री होती आणि असं पुस्तक करायचं हे दोघांमध्ये आधीच ठरलेलं होतं. २०११ मध्ये त्याच्या इंग्रजी अनुवादाला क्रीडापुस्तकांसाठीचा विल्यम हिल पुरस्कार मिळाला. या पुस्तकात टेरेसा खंबीर वगैरे नाही. ती थकते, चुकते, चिडते, नवऱ्याला अंथरुणातून उठवून सरावाला पोचवते. खेळाडूची पत्नी म्हणजे चोवीस तासांची साक्षीदार असते, हे रेंगला कळलेलं होतं.

आपल्याकडे यायचं तर खाशाबा जाधवांपाशी यावं लागतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि पुढचं यायला १९९६ साल उजाडलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल पोलीस खात्यात नोकरी करून निवृत्त झाला आणि ऑगस्ट १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, निधनानंतर सोळा-सतरा वर्षांनी. खाशाबांवरचा मराठी लेख आता पाठ झाला आहे. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून उभे केलेले पैसे, बैलगाड्यांची मिरवणूक, आणि शेवटच्या परिच्छेदात 'उपेक्षित कुटुंबीय'. फोटोही ठरलेला: मुलाच्या हातात पदक, मागे भिंतीवर वडील.

२०१७ मध्ये त्यांच्या मुलाने ते पदक लिलावात काढण्याचं जाहीर केलं. त्यामागे अन्नाची भ्रांत नव्हती. खाशाबांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारू, असं राज्याच्या क्रीडामंत्र्यांनी २००९ मध्ये सांगितलं होतं, पुढे पैसेही मंजूर झाल्याचं सांगितलं गेलं, आणि जागेवर काही उभं राहिलं नव्हतं. म्हणून पदक विकून आपणच अकादमी बांधू, असं तो म्हणत होता. ही सरळसरळ कैफियत होती, तारीखवार. आपल्या लेखांनी तिचं काय केलं? 'पदक विकण्याची वेळ' असा मथळा दिला, गहिवरले, आणि गरीब बिचाऱ्या कुटुंबाची कहाणी सांगितली. सरकारला जाब विचारणारा माणूस लेखात शिरताना दरवाज्यातच दयेला पात्र करून घेतला गेला. मंजुरीचा आदेश कोणत्या तारखेचा, रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली, अडली ती जिल्ह्यात की पुण्यात की मंत्रालयात, हे विचारण्यासाठी गहिवराची गरज नव्हती. एक माहिती अधिकाराचा अर्ज पुरला असता, त्याचं शुल्क दहा रुपये आहे.

पद्म पुरस्काराच्या मागणीचंही तेच. कुटुंब वर्षानुवर्षं मागतं आहे, आणि लेखांमध्ये ती मागणी 'व्यथा' होऊन येते. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, पण विशेष बाब म्हणून देता येतात; अनेकांना दिलेही आहेत. शिफारस राज्याने करायची की आणखी कुणी, केली का, किती वेळा केली, हे सगळं कागदावर असतं. व्यथा म्हटलं की कागद बघावा लागत नाही.

राज्य सरकारने आता खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. त्यामुळे वार्षिक लेखांची सोय पक्की झाली. क्रीडासंपादकांना एक सुचवावंसं वाटतं. त्या दिवशी गोळेश्वरला 'ऑलिम्पिक निवास'च्या दारात वार्ताहर पाठवण्याआधी त्याला क्रीडा आयुक्तालयात पाठवा, फाइल पाहायला लावा, आणि मग मुलाकडे जाताना फाइलमधले प्रश्न बरोबर द्या. राज्य क्रीडा दिनाला मंत्री व्यासपीठावर असतातच, त्यामुळे त्यांना विचारायला मुंबईची खेपही घालावी लागणार नाही.